नारायण वामन टिळक : रागीट माणूस लीन झाला त्याची कथा

।। राम कृष्ण हरी ।।

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्याची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा मंडळींनी आम्हाला सांगितलं, महाराज, तुम्ही एक चरित्र लिहा. आमचं शिक्षण चौथी. हातात नांगर, खुरपं आणि टाळ यांचीच सवय. तरी पंचेचाळीस वर्षं कीर्तनाच्या निमित्ताने वाचन होत राहिलं. तेव्हा जे ठाऊक आहे ते सरळ लिहितो. चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

चरित्र कुणाचं लिहिणार असं बैठकीत विचारलं. आम्ही म्हणालो, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचं. बैठक गप्प झाली. एकजण म्हणाले, लोकमान्यांचं म्हणता का? आम्ही म्हणालो, नाही, लोकमान्य वेगळे. हे ख्रिस्ती झालेले टिळक, फुलामुलांचे कवी. मग कुजबुज झाली. वारकऱ्यांच्या पुस्तकात धर्म सोडलेल्या माणसाचं चरित्र कशाला, असं दोघाचौघांनी बोलून दाखवलं. त्यांचं बोलणं आम्हाला खोटं वाटलं नाही. तो प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या लेखाच्या शेवटी देऊ. आधी चरित्र ऐका, मग ठरवा.

आपली दिंडी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, मग सिन्नरच्या अंगाने राहुरी, नगर आणि पुढे पंढरपूर. तुम्ही आम्ही ज्या वाटेने पायी जातो त्याच वाटेवर या माणसाचं निम्मं आयुष्य गेलं. नाशिकला ते शिकले, नगरला राहिले, राहुरीला त्यांनी उपाशी पोरं सांभाळली. आपण दरसाल त्यांच्या अंगणावरून जातो आणि आपल्याला पत्ता नाही.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव इथे झाला. घर चित्पावन ब्राह्मणाचं. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने फार तापट. आई जानकीबाई मायाळू. तिला देवाच्या गाण्यांची, कवितेची ओढ होती आणि मुलाला कवितेचं वेड लागलं ते आईकडून. वडिलांच्या रागाखाली त्या माउलीचे फार हाल झाले. नारायण लहान असतानाच ती गेली. आई गेल्यावर पोराचं घरात मन लागेना. तो घर सोडून नाशिकला आला. नाशिकला गणेशशास्त्री लेले म्हणून विद्वान होते, त्यांच्याकडे त्याने संस्कृत शिकून घेतलं. पुढे थोडं इंग्रजी झालं. पण परीक्षा पूर्ण करायची, एका जागी बसायचं, हे त्याला कधी जमलं नाही.

आईची माया आणि वडिलांचा राग, दोन्ही एकाच पोराच्या अंगात उतरलं. आंब्याच्या एकाच खोडाला दोन कलमं बांधावीत तसं. पुढची सगळी कथा या दोन कलमांची आहे.

१८८० च्या सुमाराला त्यांचं लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरची, गोखल्यांची मनकर्णिका. नवरा अठरा वर्षांचा, नवरी अकराची. सासरी नाव ठेवलं लक्ष्मी. याच त्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांनी म्हातारपणी स्मृतिचित्रे नावाचं पुस्तक लिहिलं. टिळकांच्या संसाराबद्दल आम्हाला जे ठाऊक आहे त्यातलं बहुतेक त्याच पुस्तकातलं. बाईंना शाळा अशी नव्हतीच. वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, आणि जोडाक्षरं त्यांना धड लिहिता येत नसत. पण पुस्तक असं लिहिलं की शिकलेल्यांनी मान खाली घालावी. आम्हा चौथीवाल्यांना त्यांचा फार आधार वाटतो.

बाईंच्या माहेरी सोवळं फार कडक. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेडच लागलं होतं. बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. आता मीठ धुतल्यावर हातात काय उरणार, हे तुम्हाला सांगायला नको. अशा घरातली ही लेक.

टिळकांच्या स्वभावाबद्दल बाईंनी काहीही झाकून ठेवलं नाही. राग आला की ते वाट्टेल ते करीत. न सांगता घरातून निघून जात, आठ आठ दिवस पत्ता नसे. नोकरी धरायची, सोडायची. आज या गावी, उद्या त्या गावी. घरात दमडी नसताना पाहुणा घेऊन यायचा. कुणी मागितलं की हातातलं देऊन टाकायचं आणि बायकोने चूल कशी पेटवायची ते देव जाणे. राग जसा वाऱ्यासारखा यायचा तसा जायचाही, मग माणूस लोण्यासारखा मऊ. पण ज्याच्यावर भांडं आदळलं त्याला टेंगूळ यायचं ते येतंच. त्यातच लेकरं झाली आणि गेली. पुढे एक मुलगा जगला, दत्तू.

टिळकांना एका गोष्टीची कायम टोचणी होती. हा देश असा का झाला, माणूस माणसाला शिवत का नाही, एकमेकांत फाटलेला हा समाज कुठल्या दोऱ्याने शिवायचा. त्यांनी पुराणं पाहिली, शास्त्रं पाहिली, व्याख्यानं दिली. नागपूरला आप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम केलं. ऋषी नावाचं मासिक चालवलं. मन शांत होईना.

१८९३ च्या सुमाराची गोष्ट. टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा माणूस. त्या काळी गोरा म्हणजे साहेब. काळ्या माणसाला डब्यातून उतरवणारे साहेब पुष्कळ होते. हा मात्र आदबीने बोलला, जागा दिली, संस्कृत काव्याबद्दल गोष्टी काढल्या. मग बायबलाची एक प्रत हातात दिली आणि वाचा एवढीच विनंती केली. वाद घातला नाही, तुमचा धर्म खोटा असं म्हणाला नाही.

माउली, इथे थोडं थांबा. त्या माणसाने त्या दिवशी वाद घातला असता तर टिळकांनी त्याला संस्कृतात लोळवला असता. टिळक वादात हरणारे नव्हते. त्यांना जिंकलं ते गोड बोलण्याने.

शब्द दिला म्हणून टिळक पुस्तक वाचायला बसले. सुरुवातीला मन रमेना. मग येशूने डोंगरावर बसून लोकांना जो उपदेश केला तो भाग आला. जे दीन आहेत, सौम्य आहेत, दयाळू आहेत, जे भांडणं मिटवतात, ते धन्य आहेत, असा त्याचा सारांश. वैऱ्यावर प्रेम करावं. एका गालावर कुणी मारलं तर दुसरा पुढे करावा. देवाला नैवेद्य घेऊन निघालात आणि भावाशी तंटा आहे असं आठवलं, तर नैवेद्य तिथेच ठेवावा, आधी भावाशी समेट करावा, मग देवाकडे यावं. टिळक वाचत राहिले. रागाने जळणाऱ्या माणसाला तिथे पाणी सापडलं असं आम्ही समजतो. जो आधीच शांत आहे त्याला सौम्यतेची एवढी तहान लागत नाही.

पुढे दीडदोन वर्षं त्यांनी घालमेलीत काढली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता खरं सांगायचं. हे त्यांनी बायकोला विश्वासात न घेता केलं. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या, तिथे ती बातमी आली. बाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत आणि संसार मेलेला. त्या काळी धर्म बदलला म्हणजे ताट बंद, पाणी बंद, उंबरा बंद. नातलग रडले, संतापले. सौम्यतेच्या मार्गावर निघालेल्या माणसाचं पहिलंच पाऊल एका बाईच्या काळजावर पडलं. टिळकांचं कौतुक करणाऱ्याने हे गाळू नये. आम्ही गाळत नाही.

सुमारे चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवण्याचं काम करीत. बाई दत्तूला घेऊन नातलगांकडे. काही काळ त्या आप्तांकडे पंढरपुरातही होत्या. चंद्रभागेच्या काठी एक बाई नवरा असून पोरकी होऊन दिवस काढत होती. विठ्ठलाच्या गावाने तिला जागा दिली, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

टिळक पत्रं लिहीत, भेटायला येत. अपमान होई, तो गिळत. हाच तो माणूस जो पूर्वी जेवणात थोडं कमीजास्त झालं तर घर डोक्यावर घेई. कायद्याचा धाक दाखवून बायकोला नेण्याचा प्रयत्न त्यांना करता आला असता. त्यांनी ते केलं नाही. वाट पाहिली.

शेवटी बाई नगरला आल्या. पण धर्म सोडून नव्हे. त्यांनी सांगितलं की मी माझं सोवळं पाळणार. टिळकांनी मान्य केलं. बाईंची चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा ख्रिस्ती उपदेशक आणि बायको त्याच्या हातचं पाणी पीत नाही, असा तो संसार. लोक हसले असतील. टिळकांनी एका शब्दाने जबरदस्ती केली नाही.

पुढे बाईंच्याच मनात विचार आला. माणूस देवाने केला, मग जात कुणी केली? देवाने केली असती तर अंगावर काही खूण नसती का ठेवली? हा विचार त्यांना कुणी शिकवला नाही. त्यांनी स्वतः केला, आणि एक दिवस सगळ्यांच्या हातचं खायला-प्यायला लागल्या. मीठ धुणाऱ्या घरातली लेक! पुढे १९०० साली त्यांनीही नवऱ्याचा धर्म घेतला. आमचं लक्ष त्या धर्मांतराकडे नाही, त्याच्या आधीच्या वाट पाहण्याकडे आहे. ज्या नवऱ्याने पहिल्या वेळी न विचारता पाऊल टाकलं होतं, तो दुसऱ्या वेळी विचारायला आणि थांबायला शिकला होता.

तेव्हाच दुष्काळ पडला. १८९९-१९०० चा दुष्काळ म्हणजे आमच्या आज्याच्या तोंडून ऐकलेला. माणसं झाडपाला खात होती, गुरं रस्त्यावर पडत होती. टिळक-लक्ष्मीबाईंनी अनाथ पोरं घरात घेतली. ती कुठल्या जातीची, हे कोण विचारणार. अंगावर खरूज, डोक्यात उवा, पोट पाठीला लागलेलं. बाईंनी त्यांना न्हाऊमाखू घातलं, आपल्या लेकरांत बसवलं. प्लेगाच्या साथी आल्या तेव्हा सख्खे नातलग आजाऱ्याला टाकून शिवारात पळत होते. त्या वेळी बाई रोग्यांच्या सेवेला गेल्या. जी बाई एके काळी सावलीचा विटाळ धरायची, ती परक्याची ओकारी काढत होती. फाटलेला समाज शिवायचा दोरा टिळक शोधत होते ना, तो असा घरातच सापडला.

१९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. राहुरीला त्यांचं राहणं होतं. राहुरी म्हणजे महिपतीबाबांचा मुलूख. ज्यांनी भक्तविजय लिहून सगळ्या संतांची चरित्रं आपल्याला दिली ते महिपतीबाबा राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे. टिळक ज्या अमेरिकन मिशनमध्ये होते त्याच मिशनच्या जस्टिन ॲबट नावाच्या गोऱ्या पाद्र्याने पुढे भक्तविजयाचं इंग्रजी भाषांतर केलं. आपले संत सातासमुद्रापार नेले ते एका ख्रिस्ती माणसाने. हे आपल्या पुष्कळ कीर्तनकारांनाही ठाऊक नसतं.

टिळक ख्रिस्ती झाले ते नवे असताना आपल्या जुन्या धर्मावर कडक टीका करीत. नवा मुसलमान जास्त बांग देतो अशी म्हण आहे, तसंच नव्या ख्रिस्त्याचं आणि खरं म्हणजे नव्या माळकऱ्याचंही. माळ घातली की आठ दिवसांत तो शेजाऱ्याच्या ताटात डोकावतो. पण पुढे टिळकांची ती धार गेली. दुसऱ्याचं खंडन करून कुणाचं मन जिंकत नाही, हे त्यांना उमगलं. आगगाडीतला तो माणूस त्यांना आठवला असेल असं आम्हाला वाटतं.

तुकोबांची त्यांना फार ओढ. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते सांगत. पूल ओलांडल्यावर पूल जाळणारे लोक असतात. टिळकांनी पूल जपला. त्यांनी आपल्या देवावर अभंग रचले, ओव्या रचल्या. देवळात गोऱ्यांच्या चालीवर मराठी शब्द बसवून गात, ते त्यांना पटेना. त्यांनी टाळ, मृदंग, चिपळ्या मागितल्या. ख्रिस्ती कीर्तन नगर भागात त्यांच्या आधीही होतं, पण टिळकांनी त्यात जीव ओतला. आजही महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत त्यांची शेकडो पदं म्हणतात. राहुरीच्या मुक्कामी रविवारी कधी त्यांच्या देवळावरून गेलात तर कान द्या. चाल ओळखीची वाटेल.

ज्ञानोदय हे मिशनचं पत्र १८४२ सालापासूनचं. त्याचा मराठी भाग टिळकांनी अखेरपर्यंत सांभाळला. कवी म्हणून सगळ्या महाराष्ट्राने त्यांना मानलं, तिथे धर्म आड आला नाही. आपण शाळेत असताना केवढे हे क्रौर्य ही कविता होती. बाण लागलेली पक्षीण मरताना पिलांची काळजी करते, ती. आम्ही चौथीत ती पाठ केली आणि गुरुजींसमोर रडलो. ती कविता याच टिळकांची. बालकवी ठोमरे हे फार मोठे निसर्गकवी. ते पोरसवदा असताना टिळकांनी त्यांना नगरच्या आपल्या घरी ठेवून घेतलं, लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं केलं. ठोमरे ब्राह्मण आणि घर ख्रिस्त्याचं. त्या घरात कुणी त्याला बाटवायला गेलं नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला राहिले आणि देवाचा दरबार म्हणून एक मंडळ काढलं. त्यात ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांनाही जागा आणि ज्यांचा झाला नाही त्यांनाही. आपल्याच मंडळींतल्या काहींना ते रुचलं नाही. इकडच्यांनी वाळीत टाकलं होतं, आता तिकडचेही नाराज. मधे उभा राहणाऱ्याला दोन्हीकडून धक्के बसतात. ते त्यांनी सोसले. वय पंचावन्नच्या पुढे, शरीर थकलेलं.

९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचा देह पडला. ख्रिस्ती लोक पुरतात, पण टिळकांनी आपल्याला दहन करावं असं सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. त्यांच्या अस्थी नगरला नेल्या. जन्माचा धर्म आणि घेतलेला धर्म, दोन्ही त्या चितेपाशी एकत्र आले असं म्हटलं तरी चालेल.

येशूचं चरित्र ओवीत लिहायला त्यांनी घेतलं होतं, ख्रिस्तायन नावाचं. थोडेच अध्याय झाले आणि ते गेले. उरलेला मोठा ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहिला, ज्यांना जोडाक्षर येत नव्हतं त्यांनी. १९३६ साली बाईही गेल्या.

चरित्र संपलं. आता बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तर.

आमच्याकडे स्मृतिचित्रे आलं ते शेजारच्या गावातल्या एका ख्रिस्ती मास्तरांकडून. ते आता नाहीत. दरसाल कीर्तनाला येऊन मागे बसत. पालखी आली की वाटेवर पाण्याचा माठ ठेवत. आमच्या तरुणपणी दिंडीतले काही जण त्या माठाला हात लावत नसत. त्या काही जणांत आम्ही होतो. मास्तर कधी बोलले नाहीत. एकदा फक्त ते पुस्तक आणून दिलं आणि म्हणाले की यात आमच्या घरातल्या पाण्याची गोष्ट आहे, सवडीने वाचा. आम्ही ते पुस्तक बारा वर्षं फळीवर ठेवलं. मास्तर गेल्यावर वाचलं. त्यांच्या माठातलं पाणी प्यायचं राहून गेलं, ते आता कुठून आणणार.

दुसरी गोष्ट अजून जवळची. ती लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. दिंडीत सगळ्यांना ठाऊक आहे, मग कागदाला लाजून काय उपयोग.

आमचा धाकटा भाऊ याच दिंडीत पखवाज वाजवतो. नऊ वर्षांपूर्वी बांधावरून आमचं वाजलं. मोजणी झाली, पुन्हा मोजणी झाली, प्रकरण तालुक्याच्या कोर्टात गेलं. पुढे सोसायटीच्या निवडणुकीत तो एका पॅनेलला, आम्ही दुसऱ्या. गावात सप्त्याचे दोन मांडव पडले त्यात आमच्या भांडणाचाही वाटा होता. वारीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. हीच आपल्या पंथाची थोरवी, असं आम्ही कीर्तनात घसा कोरडा करून सांगतो. आणि नऊ वर्षं कीर्तन झाल्यावर तो डावीकडून निघून जायचा, आम्ही उजवीकडून. त्याच्या पखवाजावर आम्ही गायचो आणि त्याच्याकडे बघायचो नाही.

हे चरित्र लिहायला बसलो आणि त्या जागी आलो, नैवेद्य ठेव आणि आधी भावाकडे जा. तिथे लेखणी अडली. पुढे लिहिता येईना. नात म्हणाली, आजोबा, का थांबलात? तिला काय सांगणार. हा उपदेश ख्रिस्ताचा म्हणून परका म्हणावा, तर आपले सगळे संत दुसरं काय सांगून गेले? आम्ही तेच चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. आपल्या घरातला माणूस रोज सांगतो ते ऐकू येत नाही, पाहुण्याने एकदा म्हटलं की ऐकू येतं. म्हणून या पुस्तकात टिळक. टिळकांनी तुकोबांच्या पुलावरून पलीकडे जाऊन जे पाहिलं, ते आम्हाला अलीकडे आपल्याच घराचा रस्ता दाखवायला उपयोगी पडलं. आम्ही कुठे गेलो नाही. गळ्यातली माळ गळ्यातच आहे.

कागद तसाच ठेवून संध्याकाळी भावाच्या वस्तीवर गेलो. तो मोटारीवर गेला होता. भावजयीने न बोलता चहा ठेवला. तो आला, आम्हाला बघून दारातच उभा राहिला. आम्ही थोरले, पण उठून त्याच्या पायावर डोकं ठेवलं. वारीत सगळ्यांच्या ठेवतो, मग याच्या का नाही. तो घाबरला, मागे सरला. मग खाली बसला. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी त्याने कांद्याच्या भावाचं काढलं.

टिळकांना बायकोपाशी परत यायला पाच वर्षं लागली आणि त्यात त्यांनी घाई केली नाही. आम्हीही करणार नाही. बांधाचा दावा अजून उभा आहे. कुणी किती सोडायचं ते ठरलेलं नाही, आणि पोरांना विचारल्याशिवाय ठरणारही नाही. पुढची तारीख आषाढी झाल्यावर आहे. त्या दिवशी तालुक्याला त्याच्या गाडीवर मागे बसून जायचं, एवढं मात्र ठरलं आहे.

यंदा पालखी राहुरीत येईल तेव्हा जुन्या मंडळींनी आम्हाला विचारावं, मास्तरांचा माठ कुठे असायचा. ती जागा दाखवू. तिथे यंदा आपल्या दिंडीतर्फे माठ ठेवायचा, आणि येईल त्याला पाणी द्यायचं, असं मंडळाने मान्य केलं आहे. भरायचं काम आम्हा दोघा भावांकडे आहे.

लेखनात उणं राहिलं असेल तर माउलींनी सांभाळून घ्यावं.

।। राम कृष्ण हरी ।।